माझे चार हँडपॅन: कुठला का घेतला आणि घेताना काय ऐकायचं

मी तबलजी, मूळचा मिरजेचा, आता पुण्यात क्लास घेतो आणि गायकांना साथ करतो. गेल्या सहा वर्षांत घरातल्या डग्ग्या-तबल्यांच्या शेजारी चार हँडपॅन, म्हणजे मांडीवर घेऊन हातांनी वाजवायची पोलादी पत्र्याची सुरांची वाद्यं, येऊन बसलेत, कपाटाचा खालचा अख्खा खण बायकोने त्यांना देऊन टाकलाय. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच बघतो, हे काय म्हणून विचारतो, एकदा हात लावतो आणि मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, कुठला घेऊ आणि कितीला पडेल. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो म्हटलं, चारही पॅनबद्दल, जे आवडलं ते आणि जे खटकलं ते पण.

मेकरची नावं मी मुद्दाम लिहीत नाहीये. हँडपॅन हातोडीने ठोकून एकेक सूर कानाने लावून बनतो, एकाच मेकरने एकाच आठवड्यात बनवलेले दोन पॅन शेजारी ठेवून वाजवले तर सख्खे भाऊ वाटतात, जुळे नाही वाटत. त्यामुळे नाव बघून ऑर्डर टाकली की चांगलंच येणार असं इथे होत नाही, जो पीस तुमच्या मांडीवर येणार तो ऐकायला लागतो. हे मला दुसऱ्या पॅननंतर कळलं आणि चांगलंच महागात पडलं, ते पुढे येईलच.

आधी थोडं या वाद्याबद्दल, कारण याच्या जन्माच्या गोष्टीत आपला घटम, म्हणजे दक्षिणेतलं मातीच्या मडक्याचं तालवाद्य, आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला फेलिक्स रोहनर आणि सबिना शेरर हे दोघं स्टीलपॅन बनवायचे, म्हणजे त्रिनिदादला तेलाच्या पिंपांपासून जे वाद्य तयार झालं ते. १९९९ मध्ये रेटो वेबर नावाचा स्विस तालवादक त्यांच्याकडे आला, तो घटम वाजवायचा, आणि त्याला असं काहीतरी हवं होतं की घटमसारखं हातांनी वाजवता येईल पण त्यात चार सूर पण असतील. त्यातून २००० साली हांग तयार झाला, हांग म्हणजे बर्नच्या बोलीत हात. २००१ ला फ्रँकफर्टच्या वाद्यांच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला आणि नंतर अशी वेळ आली की हांग हवा तर पॅनआर्ट या त्यांच्या कंपनीला पत्र लिहायचं आणि बोलावणं येईल तेव्हा बर्नला जायचं. २०१३ मध्ये त्यांनी हांग बनवणं बंद केलं. हँडपॅन हा शब्द त्यांचा नाही आणि त्यांना तो आवडतही नाही, २००७ मध्ये पँथियन स्टील या अमेरिकन मेकरनी आपल्या तशाच वाद्यासाठी तो वापरला आणि आता जगभर सगळे तेच म्हणतात. म्हणजे मातीच्या मडक्यावरून सुरू झालेली गोष्ट लोखंडाच्या मडक्यापर्यंत आली. घटम वाजवणाऱ्याला मांडीवर पॅन दिला की तो बिचकत नाही ते यामुळेच असावं असं मला वाटतं.

पहिला पॅन २०१९ चा. त्या वर्षी जानेवारीत गोव्याला गेलो होतो, आरंबोलच्या बीचवर संध्याकाळी सूर्य बुडताना ड्रम सर्कल भरतं ते माहीत असेलच, जेंबे, दरबुका, सगळा कल्लोळ. तो आटोपल्यावर अंधारात थोडं बाजूला एक मुलगा वाळूत बसून एकटाच हँडपॅन वाजवत होता. मी यूट्यूबवर हांग मॅसिव्ह, मनु देलागो वगैरे हांग वाजवणारे ऐकलेले होते पण समोर बसून पहिल्यांदाच ऐकलं. मोबाईलवर जे ऐकतो त्यात अर्धा सूर कुठेतरी गळून पडतो बघा, समोर ऐकताना सूर संपतच नाही, मागच्या सुराची शेपटी पुढच्या सुराखाली वाहत राहते. मी तासभर हललो नाही. परत आल्यावर डोक्यात तेच.

इथे सावध करतो. परत आल्या आल्या मी ऑनलाइन हँडपॅन असं शोधलं आणि सहा हजारात एक मागवला, आला तो टंग ड्रम. त्याच्या पत्र्यात जिभांसारख्या पट्ट्या कापलेल्या असतात आणि पट्टी जितकी लांब तितका सूर खाली, इतकं साधं काम. २००७ मध्ये अमेरिकेत गॅसच्या रिकाम्या टाकीपासून एकाने हँक ड्रम बनवला, बरेचसे टंग ड्रम त्याच चालीचे. वाद्य वाईट नाही, लहान पोरांना द्यायला तर मस्त, माझी भाची रोज वाजवते. पण विकणारे त्याला बिनधास्त हँडपॅन म्हणून विकतात. हँडपॅनला वर कुठेही कापलेलं नसतं, मधोमध फुगलेला डिंग (हाही एक सूरच), त्याच्याभोवती गोलाकार सात-आठ सुरांचे खळगे, खाली मधोमध मोठं भोक ज्याला गू म्हणतात (हो, नाव तेच आहे, विद्यार्थी पहिल्यांदा हसतात मग सवय होते). पट्ट्या कापलेल्या दिसल्या की तो टंग ड्रम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तर खरा पहिला पॅन, डी कुर्द (डी हा डिंगचा सूर, कुर्द हे स्केलचं नाव), नऊ सुरांचा, नायट्राइड केलेल्या पत्र्याचा, ७८ हजार. नायट्राइड म्हणजे अमोनियाच्या वातावरणात पत्रा पाचशे-सहाशे डिग्रीला तापवतात, नायट्रोजन वरच्या थरात शिरतो आणि पत्रा कडक होतो. रंग काळपट करडा, आवाज थोडा कोरडा आणि सूर लवकर आटोपतो. लवकर आटोपतो ही तक्रार समजू नका, तबलजीसाठी तेच वरदान आहे, दुगुण-चौगुण वाजवताना एकेक बोल सुटा ऐकू येतो, गिचमीड होत नाही.

आता डी म्हणजे आपली पांढरी दोन, हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी. डिंगवर मंद्र सा, मग गोलात मंद्र पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद, मध्य सा, रे, कोमल गंधार, म, प. म्हणजे असावरी थाट झाला की, असं मला वाटलं आणि पहिले दोन महिने मी त्यात जौनपुरी राग शोधत बसलो. वरती पंचमाच्या पुढे काहीच नाही, धैवतावर जायचं म्हणजे खाली मंद्रात उडी मारायची, सगळा रागच लंगडा होतो. हिरमुसलो होतो खरं तर. मग एकदा क्लासमध्ये माझी एक विद्यार्थिनी, जी गाणंही शिकते आणि तिची पट्टी पांढरी सहा, ती सहज पॅनवर बोटं फिरवत गुणगुणायला लागली आणि मी ऐकतोय तर भैरवी! तिने डी ला सा धरलंच नव्हतं, गोलातल्या सगळ्यात खालच्या सुराला, म्हणजे ए ला, सा धरलं होतं. आणि तिथून बघितलं तर सा, कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी आणि वरचा सा, सलग आठ सूर, एकही गहाळ नाही, आणि डिंगवर खर्जातला मध्यम. कुर्द हे नाव ज्या अरबी मकामावरून (आपल्या थाट-रागासारखी सुरांची मांडणी) आलं त्याचेही सूर आपल्या भैरवी थाटाचेच आहेत. म्हणजे दोन महिने मी चुकीच्या दारात उभा होतो. त्या दिवशी आम्ही क्लास संपल्यावर दीड तास भैरवी केली, केरव्याच्या अंगाने मी पॅनवर, आणि शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून कुठलाही पॅन हातात आला की मी आधी मूर्च्छना तपासतो, कुठल्या सुराला सा धरला तर सलग सप्तक मिळतं ते. तुम्हीही कॅटलॉगमधलं स्केलचं नाव आधी बाजूला ठेवा आणि हे बघा.

पहिल्या पॅनचं दुखणं म्हणजे गंज. पहिल्याच पावसाळ्यात ऑगस्टमध्ये चार दिवस मी गावाला होतो, पॅन कापडी पिशवीत बंद, आलो तर डिंगच्या कडेला आणि दोन खळग्यांत तांबूस ठिपके. घाम, दमट हवा आणि बंद पिशवी, तिन्ही वाईट. मेकरला फोन केला तर तो म्हणाला घासू नका, पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका, तेल लावून मऊ कापडाने हळूहळू काढा. ठिपके गेले, डाग राहिले, आवाजात फरक नाही. आता वाजवून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, पावसाळ्यात दर आठवड्याला तेलाचा पातळ हात, आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात राहणाऱ्यांनी नायट्राइड घ्यायचा तर हे रोजचं काम धरूनच घ्या, नाहीतर स्टेनलेस बघा.

हाताचं पण सांगतो, तबलजी लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. आपला हात ना मारायला तयार झालेला, चाटीवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोट कसं टणकन पडतं. हँडपॅनवर तसं मारलं तर सूर फुटतो, पत्र्याचा आवाज येतो आणि सतत तसं मारत राहिलं तर पॅन बेसूर होतो. बोट पडलं की लगेच उचललं गेलं पाहिजे, तापलेल्या तव्याला हात लागला की कसा आपोआप मागे येतो तसं. मला हे जमायला चार महिने लागले. अंगठ्या काढून ठेवायच्या हे वेगळं सांगायला नको. आणि पॅन शिकल्यावर माझ्या तबल्यावर झालेला परिणाम म्हणजे डग्ग्याचा हात हलका झाला, गायकांनीच सांगितलं.

दुसरा पॅन २०२१ चा, स्टेनलेस स्टीलचा, डी हिजाझ नावाने घेतलेला. यात डी ला सा धरलं तर किरवाणी, म्हणजे कोमल ग, कोमल ध आणि शुद्ध नी, आणि ए ला सा धरलं तर बसंत मुखारी, खाली भैरव वरती भैरवी, तेही पुन्हा सलग सप्तक. कागदावर हे बघूनच मी वेडा झालो होतो. युरोपातला नावाजलेला मेकर, व्हिडिओत आवाज असा की डोळ्यात पाणी यावं, ऑर्डर टाकली, एक लाख चाळीस हजार, वर कस्टम ड्युटी आणि कुरिअर वेगळं. बॉक्स आला, उघडला, पहिला डिंग वाजवला, स्वर्ग. मग गोल फिरलो आणि सहाव्या सुराला पोटात धस्स झालं. सूर लागत होता पण त्याच्या वरती काहीतरी थरथरत होतं, जसं जवारी (तारांखालच्या घोडीची घासून लावलेली घडण) बिघडलेल्या तानपुऱ्याची एक तार वेगळंच बोलते. सातव्याचं तेच. प्रवासात आपटला, का तसाच निघाला, आजपर्यंत कळलं नाही. मेकरला रेकॉर्डिंग पाठवलं तर उत्तर आलं की आमच्या ट्यूनरवर बरोबर दिसतंय, हवं तर परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. तो खर्च चाळीस हजाराच्या वर जात होता. मी दोन रात्री झोपलो नाही, खरंच.

मग तो पॅन घेऊन मी मिरजेला गेलो. का गेलो सांगता येत नाही, कान हवा होता दुसऱ्याचा. मिरजेत सतारमेकरांची घरं आहेत, तानपुरे आणि सतारी पिढ्यानपिढ्या तिथेच बनतात, २०२४ मध्ये दोन्हींना जीआय मानांकनही मिळालं. आमच्या घरचा तानपुरा ज्यांच्याकडून घेतला होता ते चाचा आता थकलेत, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसून असतात, काम मुलगा आणि नातू बघतात. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे, म्हणजे पोलाद त्यांच्या रक्तातलं. चाचांनी पॅन मांडीवर घेतला, वाजवला नाही, आधी पालथा करून हात फिरवला. मग एका बोटाने सहावा सूर हलकेच वाजवला आणि डोळे मिटले. मग दुसऱ्या हाताचं बोट खळग्याच्या एका टोकाला नुसतं टेकवलं आणि परत वाजवला, मग बोट बाजूला सरकवलं आणि परत. म्हणाले, "बेटा, सा तर बोलतोय, वरचा सा पण बोलतोय, पंचम बोलत नाहीये. पंचम चढलाय."

मी म्हटलं, "चाचा, हे वाद्य तुम्ही आधी बघितलंय का कधी?"

"नाही रे. पण जवारी तीच की. लाकडात काय न् लोखंडात काय."

आणि ते तंतोतंत बरोबर होतं. हँडपॅनचा एक सूर म्हणजे तीन सूर असतात, मेकर ते तिन्ही वेगवेगळे लावतो, मूळ सा, त्याच्या दुप्पट वरचा सा आणि तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. लंबगोल खळग्याच्या लांबीच्या दिशेला वरचा सा थरथरतो, रुंदीच्या दिशेला पंचम. तिन्ही जुळले की तो जो घुमारा येतो, ज्याच्यासाठी आपण एवढे पैसे देतो, तो येतो. ऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा हे वाद्य हातात घेतलं आणि अर्ध्या मिनिटात दोष पंचमात आहे म्हणून सांगितलं. त्यांनीच मला लहानपणी तानपुरा घेताना सांगितलं होतं, दहा बघ, दहाही ऐक, रंग आणि नक्षी बघू नकोस. ते मी पॅनच्या वेळी विसरलो आणि व्हिडिओ बघून पैसे भरले.

नंतर आपल्याकडच्याच एका हँडपॅन मेकरकडे तो पॅन नेऊन दोन्ही सूर लावून घेतले, रात्रभर बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याने समोर बसवून लावला म्हणून सगळं बघता आलं. टिचकी मारावी तितक्या जोराने छोटी हातोडी, खळग्याच्या काठाला, बाहेरून एक, आतून एक, प्रत्येक ठोक्यानंतर वाजवून ऐकायचं, स्क्रीनवर तीन रेषा बघायच्या. आपणही तबला हातोडीनेच लावतो, गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामड्याच्या वेणीवर, वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो, तिथे एकच सूर सांभाळायचा असतो. इथे पंचम खाली आणायला गेलं की मूळ सा हलतो, तो जागेवर आणला की शेजारच्या खळग्याला धक्का बसतो. दोन सुरांना साडेतीन तास लागले. त्या माणसाने फक्त पाच हजार घेतले आणि मला ते देताना कमी वाटत होते.

आज तो स्टेनलेस माझा सगळ्यात देखणा आवाज आहे. सूर इतका लांब चालतो की आलापासारखं वाजवता येतं, विलंबित, एक सूर ठेवायचा आणि वाट बघायची. जलद वाजवलं तर मात्र सगळं एकमेकांत मिसळतं, त्यामुळे तालाच्या कामाला तो मी काढत नाही. गंजाची काळजी जवळजवळ नाही. वजन नायट्राइडपेक्षा जास्त वाटतं, तासाभराने मांडीला कळतं.

आता ऐकायचं कसं ते लिहितो, हेच खरं कामाचं आहे. शांत खोली घ्या, पंखा बंद करा. आधी प्रत्येक सूर एकटा वाजवा, अगदी हळू, आणि पूर्ण विरेपर्यंत थांबा. विरताना सूर डोलायला लागला, वँव वँव असं, तर वरचा सा किंवा पंचम जुळलेला नाही. मग चाचांसारखं बोट खळग्याच्या बाजूला टेकवून वरचा सा ऐका, टोकाला टेकवून पंचम ऐका, पाच मिनिटांत जमतं. मग एक सूर वाजवून शेजारच्या खळग्यांवर हात ठेवून बघा, हात ठेवल्यावर आवाज एकदम स्वच्छ झाला तर शेजारचा नको तेव्हा बोलतोय. थोडं बोलणं चालतं, तेच तर वाद्याचं अंग आहे, पण मूळ सुरावर चढत असेल तर नको. मग थोडं जोरात वाजवा, कुठल्या जोराला सूर फुटतो ते बघा, विशेषतः वरचे छोटे खळगे. शेवटी तानपुरा लावा, अॅपवरचा चालेल, आणि त्याच्यासोबत दहा मिनिटं वाजवत बसा. ट्यूनर अॅपवर पाच सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे असेल तर मी मनावर घेत नाही, पण तानपुऱ्यासोबत कान टोचत असेल तर अॅप काहीही म्हणो, तो पीस ठेवून या. आणि हो, ४४० लाच घ्या, म्हणजे ए सूर ४४० हर्ट्झला धरून लावलेला. ४३२ हर्ट्झचे पॅन फार गोड बोलून विकतात, पण हार्मोनियम ४४० वर आणि पॅन बत्तीस सेंट खाली, कुणासोबतच वाजवता येणार नाही. एकटेच वाजवणार असाल तर मग तुमची मर्जी.

तिसरा सेकंड हँड, एफ लो पिग्मी, गोव्यातून एक प्रवासी परत जाताना विकत होता, नव्वद हजार. यावेळी समोर बसून दोन दिवस ऐकून घेतला. सा, रे, कोमल ग, प, कोमल नी एवढेच सूर, म आणि ध नाहीतच. आपल्या रागात बसवायला जाऊ नका, तो त्याचा त्याचा आहे. रात्री मुलगा झोपत नसला की हाच काढतो. याच्याबद्दल अजून काही लिहिण्यासारखं नाही, तक्रार एकही नाही.

चौथा मात्र माझा जीव आहे. साथ करताना एक अडचण सारखी यायची, आपल्याकडचे पुरुष गायक बरेचसे काळी एकला, बायका काळी चार, काळी पाचच्या आसपास, आणि बाजारातले निम्मे हँडपॅन पांढरी दोनचे. तबलजी काळी एकचा वेगळा, पांढरी चारचा वेगळा असे तबले बाळगतो तसं इथेही बाळगावं लागतं, कारण पॅन एकदा बनला की पट्टी बदलत नाही. लोकांना चार पॅन म्हणजे हौस वाटते, तबलजीला विचारा घरात किती तबले आहेत. म्हणून ज्याने दुसरा पॅन लावून दिला त्याच मेकरकडे २०२३ मध्ये ऑर्डर दिली, काळी एक, भूप. डिंगवर सा, गोलात प, ध, सा, रे, ग, प, ध, सां. पाच सुरांचा पॅन त्याला आधी पटेना, लोक सात सूर मागतात म्हणाला. मग मी त्याला मूर्च्छना वाजवून दाखवली. याच पाच सुरांत पंचमाला सा धरलं तर दुर्गा, तीही काळी चारला, म्हणजे बायकांच्या पट्टीत सलग सप्तक. गंधाराला सा धरलं तर मालकंस, त्यात मंद्रातले ग, म, ध, नी सगळे हाताशी. धैवताला सा धरलं तर धानी, रिषभाला धरलं तर मेघाचे सूर. एका पॅनमध्ये पाच राग आणि कुठलेच दोन सूर एकमेकांच्या अगदी शेजारचे नाहीत, त्यामुळे सगळेच खळगे मोकळे बोलतात. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "दादा, मी स्वतःसाठी पण एक बनवतो."

पत्रा एम्बर स्टीलचा घेतला, आवाजात माझ्या कानाला नायट्राइड आणि स्टेनलेसच्या मधला म्हणा ना, सूर लांब चालतो पण जलद कामालाही ऐकतो. एक लाख दहा हजार, पाच महिने थांबलो. मधे दोनदा जाऊन आलो. आधी वरचा शेल, म्हणजे सुरांचा अर्धा भाग, लावतात, मग भट्टीत तापवतात, त्यात सूर हलतात, परत लावतात, काही आठवडे तसाच ठेवतात, परत लावतात, मग दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवतात, चिकटवल्यावर पुन्हा सूर हलतात आणि पुन्हा लावतात. पाच महिने जास्त वाटत असतील तर हे एकदा डोळ्यांनी बघून या. आणि चिकटवलेला असतो म्हणूनच उन्हात गाडीत ठेवू नका, गोंद पण जातो आणि सूर पण.

काय होत नाही तेही स्पष्ट सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. मालकंसाचे सूर मिळतात म्हणजे मालकंस मिळाला असं नाही, मध्यमावरून गंधारावर येताना जे लागतं ते या वाद्यात नाही. दरबारीचा आंदोलित गंधार तर विसराच. मी पॅनवर राग मांडत नाही, गायकाने राग मांडलेला असतो, त्याच्या खाली मी सूर आणि ताल दोन्ही एकाच हाताने अंथरतो, रूपकाच्या सात मात्रा डिंगवर सम न दाखवता फिरवायच्या, खालीवरच्या जागा भरायच्या, आणि गायक षड्जावर आला की डिंग सोडून द्यायचा. तेवढ्यासाठी मला दुसरं कुठलं वाद्य नको वाटतं.

पहिल्यांदा घेणाऱ्याला माझं सांगणं, डी कुर्द, नऊ सूर, त्याहून जास्त नको. खालच्या बाजूलाही सूर असलेले सतरा-अठरा सुरांचे पॅन मिळतात, महाग असतात आणि नवीन हाताला झेपत नाहीत. पुण्या-मुंबईत असाल तर नायट्राइड चालेल, मालवण-रत्नागिरीला असाल तर स्टेनलेस. हार्ड केस पहिल्याच दिवशी घ्या. परदेशातून मागवायचाच असेल तर प्रत्येक सुराचं वेगवेगळं, न सजवलेलं रेकॉर्डिंग त्याच पीसचं मागा, आणि परत पाठवायचा खर्च कुणाचा ते आधी लिहून घ्या.

दिवाळीत भूपवाला पॅन घेऊन मिरजेला गेलो होतो. चाचांनी परत तसाच पालथा करून हात फिरवला, नऊही सूर एकेक करून वाजवले, प्रत्येकावर बोट टेकवून पंचम ऐकला, वीस-पंचवीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग नातवाला हाक मारली आणि म्हणाले तो नवीन तानपुरा आण, काळी एकला लाव.